एकशे तीसनंतर एकोणीस

मुलगी अकरा वाजता दुकानात आली, टेबलावर रचून ठेवलेल्या पाच प्रतींपैकी वरची उचलली, डझनभर पाने उलटली आणि खळीच्या डब्यावर मटकन बसली.

"झाकण सैल आहे हं त्याचं," बाइंडरकाका म्हणाले.

तिला ते ऐकू गेले नाही. तिने पान मागे केले, पुढे केले आणि कुणी गेल्याची बातमी वाचावी तशा आवाजात वाचू लागली, "'तळ्यातल्या पाण्याच्या एका थेंबात असे सुमारे दोनशे जीव असतात. त्यांना'... हे पान बारा. आणि हे पान तेरा. 'लेखकांच्या आडनावांप्रमाणे क्रम लावून शेवटी जोडले आहे.' काका, हे काय आहे?"

"तुझा प्रबंध."

"हो, पण हे असं कसं?"

"ते मला कसं कळणार? मी बांधतो. वाचत नाही."

हे मात्र अगदी खरे होते. ज्या म्हाताऱ्याने काकांना हा धंदा शिकवला त्याचा पहिला धडाच असा होता, की जो बाइंडर वाचत बसतो त्याची खळ वाळून जाते. काकांनी तो धडा चाळीस वर्षे पाळला. हजारभर प्रबंध त्यांच्या हाताखालून गेले. शेतीचे, ताऱ्यांचे, राजांचे, किड्यांचे. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत ठोकायचे नाव सोडले तर त्यांतले एक वाक्यही त्यांच्या डोळ्यांखालून गेले नव्हते.

काकांचा चेहरा मुळातच उतरलेला असे. गल्लीतले लोक त्यांना मागे 'एरंडेल' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होते, आणि ते त्यांना पटतही होते. दुकान जिन्याखालचे, दिवसाही दिवा लावावा लागे. गेले आठ दिवस बाहेर आभाळ राखेसारखे होते. पुढच्या वर्षापासून सगळे प्रबंध कारखान्यात यंत्रावर बांधून घ्यायचे, असे विद्यापीठाने ठरवल्याचे पत्र खिळ्याला लटकत होते. थोडक्यात, काका उदास राहायला मोकळे होते. पण आज त्या मुलीचा चेहरा पाहिल्यावर त्यांना स्वतःची उदासी अगदीच किरकोळ वाटली.

"काका, आज शेवटचा दिवस आहे," ती म्हणाली. "चार वाजता खिडकी बंद होते. दोनदा मुदत वाढवून घेतलीय, तिसऱ्यांदा देत नाहीत. आज प्रबंध दिला नाही तर नाव काढून टाकतात. आठ वर्षं."

"मग पुन्हा करता नाही येणार?"

"कशावर करू? ज्या तळ्यातून मी ते जीव आणायचे, ते गेल्या वर्षी बुजवलं. तिथं आता गाड्या उभ्या करतात. प्रयोगशाळेत बशांमधून ठेवले होते, तेही एकेक करून मेले. आता ते जेवढे आहेत तेवढे या दोनशे चौदा पानांत आहेत."

काकांनी प्रत हातात घेतली. पहिली अकरा पाने ठाकठीक होती. बारापासून पुढे मात्र कशाचा कशाला पत्ता नव्हता. आकडे तेवढे एका ओळीत, शिपायांसारखे: बारा, तेरा, चौदा. आणि ते आकडे काकांनीच उमटवले होते.

त्याचे असे झाले होते. मुलीच्या सरांना ऐन वेळी प्रबंधात पाने घुसडायची खोड होती. निवृत्त होऊन दूरच्या गावी जाईपर्यंत त्यांनी ती जपली. त्यामुळे टंकलेखन करणाऱ्या बाईने कंटाळून पानांवर आकडेच टाकले नाहीत, म्हणाली, "सगळं झालं की बाइंडरकडून घाला." काकांकडे आकडे उमटवायचे यंत्र होते. दांडा दाबला की शिक्का उठतो आणि आकडा आपोआप पुढे सरकतो. काकांनी गठ्ठा समोर घेऊन दोनशे चौदा वेळा दांडा दाबला, शेजारी नेऊन त्याच्या चार छायाप्रती काढल्या आणि पाचही प्रती बांधून टाकल्या. न वाचता.

"पण गठ्ठा तर मी तुम्हाला नीट लावून दिला होता," मुलगी म्हणाली.

काकांनी मान वळवली. आतल्या दारात त्यांची थोरली बहीण सुईदोरा घेऊन उभी होती. दुकानातली शिवण ताईच्या हातची असे. ती सुईत दोरा ओवण्यात एकाएकी फार गुंतली होती. सुईत दोरा आधीच होता.

"ताई," काका म्हणाले.

"काय रे?"

"गठ्ठा पडला होता का?"

"पडला असं नाही म्हणता येणार," ताई म्हणाली. "उडाला. खळीचा वास कोंडला होता, म्हणून खिडकी उघडली. वरची थोडी पानं वजनाखाली होती, ती राहिली. बाकीची गेली खोलीभर."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू तोंड पाडून बसला असतास चार दिवस! मी म्हटलं, कशाला त्याच्या जिवाला घोर. सगळी पानं गोळा केली, उलटी होती ती सुलटी केली, चारी बाजूंनी ठोकून असा गठ्ठा केला की कापल्यासारखा. तुला तरी कळलं का? नाही ना?"

"नाही कळलं," काका म्हणाले. "तेच तर झालं."

ताईने एकदा मुलीकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे, आणि सुई पदराला टोचली. "रडायला संध्याकाळ आहे. मूळ प्रत उसव. तिघं मिळून लावू. उठ गं पोरी, त्या डब्यावरून. गेला तुझा झगा."

आता, स्वतः बांधलेले पुस्तक स्वतः उसवणे म्हणजे काय, ते बाइंडरलाच ठाऊक. काकांनी पाते लावले, पाठीवरचे कापड टरकन फाडले, दोरे कापले आणि दोनशे तीन पाने जमिनीवर पसरली. अकरा शाबूत होती, ती बाजूला ठेवली. उभे राहायला जागा उरली नाही. तिघेही भिंतीला धरून चालू लागले.

"माझ्या त्या जिवाचीही अशीच गत असते," मुलगी रांगता रांगता म्हणाली. ती स्वतःशीच बोलत होती, पण ताईला कुणी स्वतःशी बोललेले चालत नसे.

"कसली गत?"

"एकाच पेशीचा जीव आहे तो, ताई. डोळ्यांना दिसतही नाही. पण त्याच्याकडे दोन केंद्रकं असतात, धाकटं आणि थोरलं. धाकट्यात सगळा डीएनए जपून ठेवलेला असतो, पण असा विस्कटलेला, की वाचताच येत नाही. तुकडे मागचे पुढे, काही उलटे, मधेमधे नको ती भरताड. आणि थोरल्यात त्याचीच नीट लावलेली प्रत. रोजचा सगळा कारभार त्या थोरल्यावर चालतो."

"म्हणजे धाकटं नुसतं बसून खातं," ताई म्हणाली आणि तिने धाकट्या भावाकडे पाहिले.

"तसं नाही हो. दोन जीव एकत्र आले, की जुनं थोरलं केंद्रक मोडीत काढतात आणि धाकट्याच्या नकलेवरून नवं रचतात. नको ते कापून काढायचं, हवं ते क्रमानं जोडायचं. दोन-तीन दिवसांत होतं सगळं."

"आपल्याकडे साडेचार तास आहेत," काका म्हणाले.

"पण कुठल्या तुकड्यापुढे कुठला, हे त्या मेल्याला कळतं कसं?" ताईने विचारले. "त्याला काय डोळे आहेत?"

"प्रत्येक तुकड्याच्या शेवटी जी थोडी अक्षरं असतात ना, तीच पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला पुन्हा असतात. ती जुळवायची."

काकांचा हात हवेतच थांबला. "अगं, ही तर जुनी पुस्तकं झाली."

"म्हणजे?"

"पूर्वीचे छापखानेवाले पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापून ठेवायचे. बाइंडरनं आकडा बघायचाच नाही. शब्द जुळला की पान जुळलं." काकांच्या चेहऱ्यावर चुकून एक उजेड आला आणि लगेच गेला. "पण तुझ्या टंकलेखनवाल्या बाईनं कुठं घातलेत असे शब्द?"

"घातले नाहीत. पण वाक्यं तुटलीत की! अर्धं वाक्य या पानावर, अर्धं पुढच्या."

"म्हणजे मला वाचावं लागणार," काका म्हणाले. डॉक्टरने पोट उघडावे लागेल असे सांगितल्यावर माणूस जसे म्हणतो, अगदी तसे.

आणि काका वाचू लागले. आधी पानांचे तळ आणि माथे तेवढेच वाचत. मग एखादे वाक्य असे लोंबकळत राही, की ते कुठून आले हे पाहायला वर जावे लागे, आणि वर गेले की पान संपेपर्यंत खाली येता येत नसे. "हे बघ, या जिवाला उपाशी ठेवल्याशिवाय तो जोडीदार शोधत नाही म्हणे," असे ते मधेच म्हणत. ताई म्हणे, "वाचू नकोस, जुळव." दीड वाजेपर्यंत प्रकरणांचे ढीग झाले. सव्वादोनला पहिली तीन प्रकरणे लागली. अडीचला शेवटचे लागले. आणि पावणेतीनला काकांनी सगळा गठ्ठा टोकाला टोक लावून पाहिला, तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड लागत होता आणि नऊ पाने हातात शिल्लक होती.

"ही जास्तीची आहेत," काका म्हणाले.

"प्रबंधात जास्तीची पानं कशी असतील?" मुलीचा आवाज फाटला.

काकांनी ती नऊ पाने जमिनीवर मांडली. पहिल्याला दुसरे लागले, दुसऱ्याला तिसरे, असे करत नववे लागले. नवव्याचा शेवट त्यांनी वाचला आणि ते पुढचे पान शोधू लागले. पुढचे पान म्हणून जे सापडले ते पहिलेच होते. काका त्या पानांभोवती एक फेरी मारून आले. मग वाचत वाचत दुसरी मारली.

"किती फिरशील?" ताई म्हणाली. "घेरी येऊन पडशील."

"याला शेवटच नाही गं ताई. नवव्यानंतर पुन्हा पहिलं येतं."

मुलगी धावत आली. तिने पहिले पान पाहिले. ते 'दिसून येते की' अशा शब्दांनी सुरू होत होते. नववे पान 'यावरून असे' या शब्दांवर संपत होते. तिने लावलेल्या गठ्ठ्यातले चौथे प्रकरण चाळले आणि एक पान ओढून बाहेर काढले. तेही 'दिसून येते की' असेच सुरू होत होते. आणि मग आठ दिवसांत, किंवा कदाचित आठ वर्षांत, पहिल्यांदाच ती हसली.

"काका, तुम्ही गोल केलात!"

"मी? मी काय केलं?"

"'यावरून असे' हे शब्द दोन पानांच्या तळाशी आलेत. 'दिसून येते की' दोन पानांच्या माथ्यावर. तुम्ही पहिल्या 'यावरून असे' ला दुसरं 'दिसून येते की' जोडलंत. मधली नऊ पानं गळली, आणि गळलेल्यांची टोकं एकमेकांना जुळली. झालं कडं. माझ्या जिवातही अगदी असंच होतं! कापून टाकलेला भाग पुष्कळदा असा स्वतःशीच जुळून गोल होतो."

"आणि त्या गोलाचं पुढं काय होतं?"

"पुढं काय? टाकून दिलेला भाग तो. विरघळतो."

काकांनी त्या नऊ पानांकडे जरा वेळ पाहिले. टाकून दिलेले आणि आपापसात जुळून बसलेले असे काही जगात असते, हे त्यांना उगाचच लागले.

"पोरी," ताई म्हणाली, "हे 'यावरून असे दिसून येते की' तू किती वेळा लिहिलंयस?"

"सर म्हणायचे, त्यानं वजन येतं."

"वजन आलंय. मला उचलवत नाहीये."

तीन वाजता प्रत लागली. आणखी अर्ध्या तासात ताईने ती आडवी शिवली, काकांनी पुठ्ठा चढवला. खळ ओली होती, पण इलाज नव्हता. बाकीच्या चार प्रती उसवायला वेळच उरला नाही. ठरले असे, की लावलेली मूळ प्रत वर ठेवायची, खाली विस्कटलेल्यांपैकी तीन द्यायच्या आणि आठवड्याने बदलून देतो म्हणून अर्ज करायचा. विद्यापीठाला प्रती चार लागत. पाचवी ज्याची त्याला. तरी पाचही घेऊन दोघे धावत निघाले. काका ओली प्रत तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून पळत होते.

खिडकीत जो कारकून बसे त्याला मुले 'मोजपट्टी' म्हणत, कारण तो समास मोजून घेई. त्याने मूळ प्रत उघडली, अकरा पाने उलटली आणि चष्मा वर केला.

"हे काय? अकरानंतर एकशे नव्वद? मग चौसष्ट?"

"आकडे चुकलेत साहेब, पण मजकूर क्रमानं आहे," मुलगी म्हणाली.

"मजकूर हा माझा विषय नाही. मजकूर परीक्षकांकडे. माझ्याकडे समास, आकडे, सही आणि पुठ्ठ्याचा रंग." त्याने ती प्रत परत सरकवली आणि दुसरी उघडली. बोटाला थुंकी लावून तो शेवटपर्यंत गेला. त्याचा चेहरा हळूहळू खुलला. "वा! याला म्हणतात प्रबंध. एक ते दोनशे चौदा, एक आकडा इकडचा तिकडे नाही. अशा आणखी किती आहेत?"

"तीन. पण साहेब, खरं सांगते, त्यांच्यात पानं चुकीच्या जागी आहेत."

"आकडा जागेवर आहे की नाही?"

"आहे."

"मग पान जागेवर आहे," मोजपट्टी म्हणाला आणि त्याने चारही प्रतींवर शिक्के हाणले.

शिक्का बसलेली प्रत बदलून मिळत नाही, असे कळल्यावर मुलीने तिथेच उभ्याने अर्ज लिहिला. कुठल्या पानानंतर कुठले वाचावे याची यादी काकांनी ओल्या प्रतीवरून सांगितली: एकशे नव्वद, चौसष्ट, एकशे बारा. चार वाजायला एक मिनिट असताना यादी संपली.

"हे परीक्षकांना पाठवाल ना?" तिने विचारले.

"प्रबंध परीक्षकांकडे जातो," मोजपट्टी म्हणाला. "अर्ज अर्जांच्या फायलीत जातो." आणि त्याने खिडकी ओढून घेतली.

मूळ प्रत काकांकडेच राहिली. खळ वाळेपर्यंत दाबाखाली ठेवतो, असे ते म्हणाले, आणि मुलगी ती न्यायला काही आली नाही. तिला ती नजरेसमोरही नको होती.

चार महिन्यांनी ती आली तेव्हा तिच्या हातात परीक्षकांच्या अहवालाची नक्कल होती. आभाळ तेच होते, किंवा दुसरे पण त्याच जातीचे.

"वाच की," ताई म्हणाली.

"'प्रबंधाची मांडणी अत्यंत सुसूत्र आहे,'" मुलीने वाचले. "'एका पानातून दुसरे पान सहज उलगडत जाते. वाचताना कुठेही ठेच लागत नाही. पदवी देण्यास हरकत नाही.'"

"अगंबाई! म्हणजे झालीस की पास!"

"हो." तिने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "ताई, यानं वाचलाच नाही. पहिली अकरा पानं वाचली असतील फार तर. सरांनीही नव्हता वाचला, ते नुसती पानं घालायचे. टंकलेखनवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, मी बोटांनी वाचते, डोक्यात शिरू देत नाही. आठ वर्षं मी रोज पहाटे उठून त्या बशा बघितल्या. जीव मेले, तळं गेलं, आणि आता हेही कुणी न वाचताच कपाटात जाणार. पदवी मिळेल. पदवीचं काय करू?"

पास झालेल्या माणसाचे सांत्वन कसे करायचे हे ताईला सुचेना. तिने चहा ठेवला.

"मी वाचला," काका हलक्या आवाजात म्हणाले.

मुलीने वर पाहिले. "जुळवायला. ते वेगळं."

"नाही. नंतर. दाबाखाली होता ना, रोज थोडा थोडा." चोरी कबूल करावी तसे काकांनी डोळे खाली केले. "दोन गिऱ्हाइकांची खळ वाळून गेली."

तोंडी परीक्षा महिनाभराने झाली. ती सर्वांना खुली असते, तशी सूचना फळ्यावर लावतात आणि कुणी येत नाही. वीस खुर्च्या मांडलेल्या खोलीत परीक्षक होते, नोंद घ्यायला मोजपट्टी होता, मुलगी होती आणि शेवटच्या रांगेत धुतलेला सदरा घालून काका बसले होते. त्यांच्या मांडीवर मूळ प्रत होती.

परीक्षक वयस्कर, जाडजूड, नावाजलेले. त्यांनी विषय का निवडला ते विचारले, पुढे काय करणार ते विचारले, प्रस्तावनेची भाषा छान आहे म्हणाले. दहा मिनिटांत संपले. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

काकांनी हात वर केला.

मोजपट्टीच्या हातून पेन पडले. त्याच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होते.

"आपण?" परीक्षक म्हणाले.

"मी बाइंडर. एक शंका आहे, साहेब. या बाईंनी आधी म्हटलंय की कापून काढलेले गोल तुकडे विरघळतात. पण पान एकशे तीसवर त्या म्हणतात की नवव्या दिवशीही त्यांना दोनदा असे गोल सापडले. आता कचराच असेल तर तो नऊ दिवस कशाला सांभाळून ठेवलाय? आणि कुणासाठी?"

मुलीच्या तोंडचे पाणी पळाले. परीक्षकांनी मात्र मोठ्या मनाने प्रत उघडली. "एकशे तीस ना? बघू. आपण वाचूनच दाखवू, म्हणजे सगळ्यांना कळेल." त्यांनी घसा साफ केला. "'नवव्या दिवशीही दोन नमुन्यांत असे गोल तुकडे आढळले. हे गोल तुकडे पुढे'..." त्यांनी पान उलटले आणि त्याच भारदस्त आवाजात ते म्हणाले, "'कोमट पाण्यात बुडवून, मऊ फडक्याने पुसून, उन्हात वाळवावेत.'"

परीक्षकांनी ते पुन्हा एकदा मनात वाचले. मग आणखी एक पान उलटले. मग चार. मग मधूनच कुठूनतरी. समोर टेबलावर त्यांचाच अहवाल पडला होता, 'वाचताना कुठेही ठेच लागत नाही.' त्यांनी तो सावकाश पालथा घातला.

"एकशे तीसनंतर एकोणीस वाचायचं, साहेब," काका आदबीने म्हणाले. "एकशे एकतीस म्हणजे बशा धुण्याचं आलं."

"तसा अर्ज आहे," मोजपट्टी म्हणाला. "फायलीत."

परीक्षकांना हवे असते तर ते रागावू शकले असते, पण कशावर रागवायचे हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी काकांच्या मांडीवरच्या प्रतीकडे पाहिले.

"तुमच्याकडची प्रत क्रमानं आहे?"

"आहे. शिवण ताईची आहे, सुटायची नाही."

"मला मिळेल का? पुन्हा एकदा वाचायला."

काकांनी फक्त त्यांच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यापुढे खोटे बोलणे अवघड जाई, हे गल्लीतल्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक होते.

"बरं," परीक्षक म्हणाले. "पहिल्यांदा वाचायला."

तो अहवाल त्यांनी खिशात घालून परत नेला. पदवी लांबणीवर पडली. ताईने काकांना दोन दिवस धड जेवू दिले नाही. "पोरीचं लागलेलं लग्न मोडल्यासारखं केलंस," ती म्हणे. "तोंड उघडलं नसतंस तर काय बिघडलं असतं? चाळीस वर्षं मुका होतास ना?" काकांना ते पटत होते. ते आधीपेक्षाही उदास झाले, आणि ते शक्य आहे हे पाहून गल्ली थक्क झाली.

तीन आठवड्यांनी मुलगी धापा टाकत दुकानात आली. हातात कागदांची चळत होती.

"काका! एक्केचाळीस चुका काढल्यात!"

"अरे देवा," ताई म्हणाली आणि तिने भावाकडे असे काही पाहिले, की काकांनी खळीचा डबा जवळ ओढला.

"एक्केचाळीस, ताई! प्रत्येक प्रकरणातल्या! दुसऱ्या प्रकरणातली आकडेमोड स्वतः करून बघितलीय त्यांनी. 'यावरून असे दिसून येते की' सगळीकडून काढायला सांगितलंय. एका ठिकाणी समासात लिहिलंय, 'हे मला पटत नाही', आणि पुढच्या पानावर लिहिलंय, 'आता पटले'. सहा महिन्यांत सगळं सुधारून द्यायचंय." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "सतराव्या मुद्द्यावर तर दोन पानं लिहिलीत. म्हणतात, नवव्या दिवसाचे ते गोल म्हणजे तुमची नजरचूक असावी, ते वगळा."

"बघू," काका म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, दिव्याखाली कागद धरला आणि ती दोन्ही पाने सावकाश, एक शब्दही न गाळता वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"सतरावं वगळू नकोस," ते खिन्नपणे म्हणाले. "त्यांना म्हणावं, चौथं प्रकरण तिसऱ्यांदा वाचा. दोनदा वाचून मलाही तसंच वाटलं होतं."